रि: रि: मुंबईला जाणाऱ्यांनो, बॅगेत जागा आहे का? (अंगठ्याचं कार्ड)

मंडळी,
एफओपी (फायब्रोडिस्प्लासिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा) हा दुर्मिळ आजार पायाच्या अंगठ्यावरून ओळखा, असं सांगणारं कार्ड आपण मुंबईच्या दवाखान्यांत वाटणार आहोत. शिरीष शुक्रवारी दादरच्या प्रेसला फाइल देतोय आणि कार्ड मराठीत की इंग्रजीत हेच अजून ठरलेलं नाही. मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं त्यावर गेली आणि मग बटाटेवडे आले. म्हणून इथे विचारतेय. एफओपी म्हणजे काय ते गणपतीत बोलले होते, परत सगळं सांगत नाही, फक्त जे तेव्हा बाहेर पार्किंग सांभाळत होते त्यांच्यासाठी: मार बसला, कापलं, स्नायूत सुई गेली की तिथे हाड तयार व्हायला लागतं, आणि ते हाड कापून काढलं तर आणखी जोरात येतं. ताईच्या मुलाच्या पाठीवर गाठ आली तेव्हा मुंबईत चार डॉक्टर झाले, शेवटी कॅन्सर असेल म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवला आणि त्यानंतर महिन्याभरात त्याचा खांदा धरला तो धरलाच. पायाचे दोन्ही अंगठे जन्मापासून आखूड, बाकीच्या बोटांकडे वळलेले. बूट धड बसायचा नाही, आम्ही म्हणायचो आजोबांवर गेलाय. चौघांपैकी एकानेही मोजे काढायला लावले नाहीत.
23 एप्रिलच्या आत कार्डं वाटून व्हायला हवीत. तोच एफओपीचा दिवस, 2006 साली त्याच तारखेला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅप्लान आणि शोर यांच्या टीमने या आजारामागचा जीन सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे आता रक्त तपासून कळतं, तुकडा काढायची गरजच नाही.
प्राची

---

प्राची,
गिरगावात 31 वर्षं दवाखाना चालवला, ही केस एकदाही पाहिली नाही. किंवा पाहिली आणि कळली नाही, ते जास्त वाईट. दहा लाखांत एखादा हा हिशेब धरला तर मुंबई, ठाणे, नवी मुंबई मिळून वीसेक माणसं असतील, एका डॉक्टरच्या वाट्याला कशाला येतील. जगभर हीच गत आहे, तिकडचे फार हुशार असं समजू नकोस.
डॉक्टर कागद वाचत नाहीत. औषध कंपन्यांचे एमआर रोज पाच-सहा चकचकीत कागद ठेवून जायचे, माझा कंपाउंडर त्यात गोळ्यांच्या पुड्या बांधायचा. टिकतं ते फक्त टेबलाच्या काचेखालचं. माझ्या काचेखाली सिद्धिविनायक, लहान मुलांच्या डोसचा तक्ता आणि लोकलचं टाइमटेबल, बस. त्यामुळे पोस्टकार्डाएवढंच करा. आणि इंग्रजीत करा, डॉक्टर गुजराती असेल, मल्याळी असेल.
डॉ. काका

---

काका, सॉरी, पण सुई डॉक्टर देतो का हो? सिस्टर देते. इकडे यायच्या आधी मी अंधेरीला लेबर रूममध्ये सहा वर्षं काढलीयेत. बाळ जन्मलं की मांडीत व्हिटॅमिन के, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला पेंटाव्हॅलंट लस, तीही मांडीतच. आणि प्राची मोजे काढायचं म्हणतेय, अहो त्याच्या कितीतरी आधी आम्ही बाळाच्या तळपायाला शाई लावून केसपेपरवर ठसा घेतो! तेव्हा अंगठा अक्षरशः आमच्या चिमटीत असतो. मीच किती घेतले असतील, शाई नीट उठली का एवढंच बघायचे. कार्ड मॅटर्निटी होमच्या त्या शाईच्या पॅडशेजारी लावा, आणि मराठीत लावा.
घरी मालिशवाली बाई येते तीही पाय बघते, पण तिला हेही सांगायला हवं की असं मूल असेल तर ओढाताण करायची नाही.
वर्षा

---

सर्वांना नमस्कार,
विषय चांगला आहे, दुमत नाही. परंतु कार्डावर मंडळाचा लोगो कुठे आहे? पैसे मंडळाचे जात आहेत. तसेच दादरच्याच प्रेसने मागच्या स्मरणिकेत अध्यक्षांच्या फोटोखाली कुंद्याची जाहिरात छापली होती, ते सर्वजण विसरलेले दिसतात. इथे छापून नेलं तर काय बिघडेल?
नाना (खजिनदार)

---

नाना, ती जाहिरात बघून आम्ही कुंदा मागवला होता, चांगला निघाला.
इथे छापलं तर तिप्पट पैसे आणि परत बॅगेचं वजन. माझी बॅग जाताना चॉकलेटं आणि येताना मेतकूट, मध्ये जागा नाही.
विषय निघालाच आहे तर, फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा आहे, ह्याच आजाराचा. 1973 मध्ये वारले, सांगाडा संशोधनाला द्या असं स्वतःच सांगून गेले. सांगाडा ठेवायला एरवी तारेने जोडावा लागतो म्हणे, ह्यांचा बराचसा आपोआप जोडलेला. मुलगी हात धरून बाहेर घेऊन गेली मला.
विनय

---

विनय, हे लिस्टवर टाकायलाच हवं होतं का? ताई वाचते इथलं.
असो. काका आणि वर्षा दोघांचं ऐकून एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी करतेय. पण "अंतःस्नायू इंजेक्शन निषिद्ध" हे कोणी लिहून पाठवलं? हे पोथीत शोभेल.
प्राची

---

मी लिहिलं. शासकीय परिभाषा आहे ती.
नाना

---

नाना, सिस्टर रात्रपाळीला परिभाषा नाही बघत. "मांडीत, दंडात, कमरेत सुई नको. शिरेतून आणि कातडीखाली चालते." दुसरं वाक्य हवंच, नाहीतर घाबरून सलाईनसुद्धा लावणार नाहीत. आणि नुसतं "अंगठा बघा" लिहू नका, लोक हाताचा बघतील. पायाचा!
वर्षा

---

वर्षा म्हणते ते बरोबर. दातांच्या डॉक्टरांसाठी एक ओळ घाला: खालच्या जबड्याला बधिर करायची ब्लॉकची सुई देऊ नका, जबडा कायमचा मिटू शकतो. आणि अंगठे तसे असतील आणि मानेवर-पाठीवर गाठ असेल तर बायोप्सी नाही, आधी रक्त. हे सगळ्यात वर, ठळक. माझे गिरगावातले जुने सहा-सात दवाखाने मी फोन करून सांगतो, तिथे दुसऱ्या कुणी जाऊ नये, त्यांना मीच लागतो.
लोगो मागे, खाली, छोटा. नाना, रागावू नका.
डॉ. काका

---

फाइल तयार आहे, फक्त फोटोचं सांगा. ताईंनी पाठवलेल्या फोटोत डाव्या घोट्याला काळा दोरा आहे, तो क्रॉप करू का? अंगठे मोठे दिसतील. प्रेसवाला म्हणतो साडेपाचच्या आत.
शिरीष

---

ताईला विचारलं. चेहरा कुठेच नको, पण दोरा राहू दे म्हणाली, आजीने बांधलाय.
प्राची