पहिली फुल मॅरेथॉन: गोव्याच्या दमट हवेत लाँग रन कसा निभावायचा? मदत हवी आहे

नमस्कार. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन धावायचं ठरवलंय, म्हणजे 42.195 किलोमीटर. वय 41, राहते रायबंदरला, शाळेत शिकवते. हाफ आता अडीच तासांच्या आत होते. मधल्या वारचे छोटे रन नीट चाललेत. घोडं अडलंय ते रविवारच्या लाँग रनवर.

पहाटे साडेचारला निघते. रायबंदर आणि पणजी जोडणाऱ्या जुन्या कॉजवेवरून, म्हणजे बांधावरच्या रस्त्यावरून पणजी, कांपाल, मिरामार, दोना पावला आणि परत. कॉजवे सपाट आहे, एका अंगाला मांडवी, त्या वेळी गाड्याही तुरळक, त्यामुळे सुरुवात छान होते. पण ऑक्टोबरची ही हवा! वाराच नसतो. मिरामारला पोचेपर्यंत टी-शर्ट पिळून काढावा असा भिजतो, घाम पायांवरून ओघळून बुटात उतरतो आणि मोजे पचपच वाजायला लागतात. अठरा किलोमीटरनंतर वेग कमी केला तरी छातीचे ठोके चढतच राहतात. चोविसाच्या आसपास पोटरीत गोळे येतात. पाणी भरपूर पिते, तर ते पोटात डचमळत राहतं.

बत्तीसपर्यंत कसं पोचायचं? वेग धरून ठेवायचा की सोडून द्यायचा? शनिवारी संध्याकाळी थोडं आणि रविवारी उरलेलं असं तोडून धावलं तर चालेल का? धावताना ताकदीसाठी घ्यायचं पाकिटातलं गोड जेल घेतलं की मळमळतं, त्याऐवजी घरचं काय खाता येईल? आणि अंधारात एकटीने धावताना कुत्र्यांचं काय करता? बायकांनी तर आवर्जून सांगा. ही मॅरेथॉन मला मनापासून पूर्ण करायची आहे.

प्रतिसाद, मडगावहून

ताई, घाम वाळला तरच अंग थंड होतं. आपल्याकडे तो नुसता गळतो. मग अंग थंड करायला रक्त कातडीकडे जास्त वळतं, आणि तेवढाच वेग राखायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. तुमची तयारी कमी पडतेय असं अजिबात नाही. लाँग रनला घड्याळातला पेस बघूच नका. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तो तुमचा वेग. चढाला खुशाल चाला. जानेवारीतली मुंबईची पहाट याहून बरीच सुसह्य असते.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. नुसतं साधं पाणी घामापेक्षा जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो, जिवावरही बेतू शकतं. निघण्याआधी आणि आल्यावर, ओले कपडे काढून, अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. बाटलीत ओआरएस ठेवा, घोटघोट घ्या.

गोळे फक्त मिठाने जातील असं नाही, थकलेल्या पोटरीलाही ते येतात. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वरखाली करायचा व्यायाम आठवड्यातून दोनतीनदा करा. खाण्यात केळं, खजूर, गूळ काहीही चालेल, पण पहिल्या तासापासून थोडं थोडं. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. अंगातला साठा बहुतेकांचा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. निघण्याआधी पेज उत्तम, मीठ घालून.

तोडून धावणं एखाद्या आठवड्याला ठीक. पण तीसच्या पुढचा एक तरी रन सलग हवा, शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी. त्यानंतर अंतर उतरवत न्यायचं. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा उन्हात अंगावर काटा आला तर तिथेच थांबा. चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा एकदा डॉक्टरांकडून हृदयाची तपासणीही करून घ्या.

प्रतिसाद, पर्वरीहून

कुत्रं अंगावर आलं की धावणं थांबवायचं, पाठ फिरवायची नाही, हळूहळू चालत पुढे सरकायचं. मी हातात टॉर्च ठेवते. एकटीने लांब जाण्यापेक्षा घर मध्ये धरून फेऱ्या मारा. तुम्हाला सोयीचं आहे: एक फेरी ओल्ड गोव्याकडे, दुसरी पणजीकडे. दर फेरीला गेटवर ठेवलेली बाटली बदलायची, वाटल्यास मोजेही. मी दुसरी फेरी सुरू करते तेव्हा पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा भोंगा ऐकू यायला लागतो, रस्त्यावर माणसं दिसतात, भीती उरत नाही. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलिन विसरू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. या रविवारी वजन केलं. निघताना 58 किलो, दोन तासांनी 56.2, आणि वाटेत 700 मिली प्यायले. म्हणजे घाम अडीच लिटर! तासाला सव्वा लिटर कसं पिणार?

मडगावहून

सगळं भरून काढायचं नसतं. वजन दोन टक्क्यांहून फार घटू नये एवढं बघा, म्हणजे तुमच्या बाबतीत सव्वा किलोच्या आत. त्या हिशेबाने दोन तासांत सव्वा ते दीड लिटर, दर वीस मिनिटांनी साधारण 200 ते 250 मिली. पोट डचमळलं तर जबरदस्ती नको, वेग अजून उतरवा, घामही कमी येईल. पुढच्या रविवारी पुन्हा वजन करून आकडे इथे टाका.