जुना बास विकताना न विचारलेलं सांगायचं की नाही?

तापीकाठ (जळगाव)

मंडळी, बास गिटारचा एक सौदा झालाय आणि तो घशात अडकलाय.

मार्चमध्ये पुण्याच्या एका वादकाशी अदलाबदल केली. माझा स्टिंगरे बास त्याला, त्याचा फेंडर कंपनीचा जाझ बास मला, आणि वर मी १ लाख १० हजार रोख दिले. स्टिंगरेचे १ लाख ४० हजार धरले होते, म्हणजे जाझ मला अडीच लाखाला पडला. त्याचे शब्द एवढेच होते: "७७ चा अमेरिकन फेंडर, सगळं चालू." फोटो पाठवले, व्हिडिओवर वाजवून दाखवला. पुण्याला जाऊन यायला सुट्टी नव्हती. इसार पाठवला, बास ट्रॅव्हल्सने आला.

बास खोटा नाही, हे आधीच सांगतो. हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) 'एस ७' ने सुरू होणारा नंबर आहे. नेक, म्हणजे लांब दांडा, मागून ३ स्क्रूंवर आहे, त्या काळच्या जाझला तीनच असायचे. पॉटवर (आवाजाच्या बटणाखालच्या भागावर) १३७७६४१ असा आकडा आहे. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७६ साल, ४१ वा आठवडा. ७६ च्या शेवटी बनलेला पॉट ७७ च्या बासात असणार, यात वावगं काही नाही.

मग पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लास्टिकची पट्टी, काढला. बास वरून काळा. पण स्क्रूच्या एका भोकाशी नखाएवढा टवका उडालाय, आणि त्यात पिवळा-तपकिरी सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद असा रंग) दिसतो. पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या) खोबणीत काळा रंग तळापर्यंत गेलाय आणि तिथल्या वायरच्या आवरणावरही काळे शिंतोडे आहेत. कारखान्यात आधी रंग होतो, तारा नंतर जोडतात. तारेवर रंग बसला, म्हणजे तो नंतर कोणीतरी अंगणात फवारलेला. मागच्या पिकअपची गुंडाळीही नवी आहे.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "तू विचारलं कुठे?"

खरंच विचारलं नव्हतं. पण पूर्ण रिफिनिश झालेला, म्हणजे नव्याने रंगवलेला, जुना फेंडर मूळ रंगाच्या बासाच्या साधारण निम्म्या भावात जातो, हे त्यालाही ठाऊक आहे. ठाऊक असून गप्प बसणं ही फसवणूकच. मी ६० हजार परत मागतोय. माझं चुकतंय का?

भुसावळ यार्ड

चुकतंय.

लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात जायचो. दलाल रुमालाखाली हात घालून बोटं धरायचा, भाव बाहेर कोणाला कळायचा नाही. बोटं सुटली की सौदा पक्का, मग घरी जाऊन बैल बसला तरी ओरडायचं नाही. आजही सारंगखेड्याच्या जत्रेत जाऊन बघ. घेणारा घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, दोन चकरा पळवून बघतो. विकणारा स्वतःहून म्हणत नाही की हा डावीकडून गेलं तर लाथ मारतो.

तू दात बघितले नाहीस. दोष कोणाचा?

आणि मूळ रंगाचा ७७ चा जाझ अडीच लाखात कोण देतो रे? भावच सांगत होता की काहीतरी आहे. तुला वाटलं पुणेकर भोळा आहे. तो तुझ्यापेक्षा हुशार निघाला, म्हणून आता नीती आठवली.

सराफाचा नातू (जळगाव)

नाना, बैलबाजाराचं उदाहरण इथे बसत नाही. बैल समोर उभा असतो. यांचा बास सुमारे चारशे किलोमीटरवर होता आणि पिकगार्डखाली झाकलेला होता. फोटोत ते दिसणारच नव्हतं. जे फक्त विकणाऱ्यालाच दिसू शकतं ते त्यानेच सांगायचं, एवढं साधं आहे.

आमच्याकडे दागिना मोडीला आला की आधी डाग किती आहे ते बघतात. डाग म्हणजे झाळ, तुमच्या भाषेत सोल्डर. तेवढं वजन सोन्यातून वजा. आता विक्रीचं बघा. हॉलमार्क सक्तीचा झाला २०२१ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून गिऱ्हाईक न विचारताच आजोबा सांगायचे, "यात डाग जास्त आहे, मोडायला आणलात तर घट पडेल." त्यामुळे कधी गिऱ्हाईक उठून जायचं, आणि बहुतेक वेळा पुढच्या लग्नाला परत यायचं.

आणि हे महागडे बास घेणारे-विकणारे आहेत किती? तेच तेच पन्नास-साठ लोक. तोच बास चार वर्षांत तीन घरं फिरतो. इथे नाव खराब झालं की संपलं.

पाचवी तार (नवापूर)

मला या भांडणाची गंमत वाटते.

मी दर रविवारी चर्चमध्ये वाजवतो. इंडोनेशियात बनलेला पाच तारांचा बास, सेकंडहँड, २८ हजारांत घेतलेला. आधीच्या मालकाने त्यावर गाडीचा रंग मारलाय, तोही वाईट. पण खालच्या बीच्या तारेला हात लावला की शेवटच्या बाकावरच्या म्हातारीच्या छातीत घुमतं.

तापीकाठ, एक सांगा. तुमचा काळा जाझ वाजतो का? नेक सरळ आहे, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) आहेत, पॉट खरखरत नाहीत, असंच ना? मग ६० हजार कसले? रंगाचे? रंग कानाला ऐकू येतो का?

आपल्याकडे बास म्हणजे काय, तर कीबोर्डवाल्याचा डावा हात. अख्खी अहिराणी गाणी त्यावर निघतात. कानबाईच्या ऑर्केस्ट्रात कोणी खरा बास घेऊन उभा राहिला तर लोक विचारतात, "या गिटारला दोन तारा कमी का?" अशा मुलखात तुम्ही अडीच लाखांचा बास उघडून आतल्या तारेचे शिंतोडे मोजताय.

कपाटातला बास (धुळे)

पाचवी तार, वाजवणाऱ्याचा भाव वेगळा आणि जपणाऱ्याचा वेगळा. रंग ऐकू येत नाही हे मान्य. पण जाझ बास आला १९६० मध्ये, आणि १९६५ च्या सुरुवातीला फेंडर कंपनी सीबीएस या बड्या अमेरिकन कंपनीने घेतली. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे भावात जो फरक आहे, तोही कानाने ठरत नाही. तरी लोक तो मोजतात, कारण उद्या विकताना तो परत मिळतो. यांनी वाजवणाऱ्याचा भाव दिला असता तर तक्रारच नव्हती. यांनी मधलाच भाव दिला, म्हणून सगळा घोळ.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. काळ्याखाली सनबर्स्ट दिसला म्हणजे लगेच बाहेरचं काम, असं नाही. साठच्या दशकात खुद्द कारखान्यात कधीकधी सनबर्स्टवरच दुसरा रंग मारून बास बाहेर पडलेत. यांच्या बाबतीत पक्कं काय, तर तारेवरचे शिंतोडे. ते नसते तर मी पुणेकराच्या बाजूने उभा राहिलो असतो.

माझ्याकडे सहा बास आहेत. घेताना मी तीन फोटो मागतो: नेक काढून आतला खड्डा, पिकगार्डखालची बॉडी, आणि सोल्डर दिसेल असे पॉट. जुनं सोल्डर मंद असतं, नवं चकाकतं. कोणी म्हणालं "नेक काढायला वेळ नाही", तर मी म्हणतो "मग मलाही पैसे पाठवायला वेळ नाही." हे तीन फोटो तुम्ही मागितले नाहीत, त्यामुळे ६० नाही, फार तर ३० हजार मागा. निम्मी चूक तुमची.

भुसावळ यार्ड

सत्तरच्या दशकातल्या फेंडरचं एवढं कौतुक ऐकून हसू येतं. एक काळ असा होता की त्यांना कोणी विचारत नव्हतं. जड, नेकचा खड्डा सैल, तीन स्क्रूंवर नेक हलायची, जीची तार फिंगरबोर्डच्या काठावरून घसरायची. आता पन्नास वर्षं झाली म्हणून सोन्याची झाली. आमच्या रेल्वे कॉलनीत नाचगाण्याच्या रात्री असायच्या तेव्हा अँग्लो-इंडियन पोरं कसल्या कसल्या गिटारी वाजवायची, वडील सांगायचे. रंगाची वर्षं मोजत कोणी बसलं नव्हतं.

कपाटवाले, सहापैकी किती वाजवता?

कपाटातला बास (धुळे)

दोन. बाकीचे वाजतात, मी वाजवत नाही.

सोल्डरवाला (अमळनेर)

आधी कामाचं बोलतो. बास मार्चमध्ये आला म्हणता. एप्रिल-मे तोंडावर आहे. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. पुण्याच्या हवेत राहिलेलं लाकूड इथे आकसतं. फिंगरबोर्डच्या कडेवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं बोटाला करवतीसारखी लागायला लागतील. घाबरू नका, लगेच कानस लावू नका, एक पावसाळा जाऊ द्या. ट्रस रॉडची (नेकमधल्या सळईची) नटी तुमच्या बासात हेडस्टॉककडे आहे, ती बंदुकीच्या गोळीसारखी दिसते. एका वेळी पाव फेरा, मग रात्रभर थांबा. कूलरच्या झोतात बास ठेवू नका. हे दरवर्षी सांगतो, दरवर्षी तीन बास वाकलेले येतात.

आता दुसरं. भाऊ, एक गोट ईचारू का? तुना तो स्टिंगरे मनाच टेबलवर उना व्हता ना?

२०२२ च्या दिवाळीनंतर. ९ व्होल्टची बॅटरी आत फुटली होती, आम्लाने सर्किट खाल्लं होतं. मूळ प्रीअँप (आवाज वाढवणारं तेच सर्किट) मिळेना, म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा बसवून दिला. जुना तुम्ही पिशवीत घालून घेऊन गेलात. १९७६ मध्ये स्टिंगरे आला तोच मुळी आतल्या प्रीअँपच्या नावावर. तो बदलल्याचं पुण्याला सांगितलं होतं का?

पाचवी तार (नवापूर)

अरे देवा.

सराफाचा नातू (जळगाव)

आता बोला.

तापीकाठ (जळगाव)

नाही सांगितलं.

खोटं बोलत नाही, सौद्याच्या वेळी डोक्यातच नव्हतं. नवा प्रीअँप मूळपेक्षा बरा वाजत होता, त्यामुळे मी त्याला 'बिघाड' समजतच नव्हतो. त्याने विचारलं नाही आणि मला आठवलं नाही. जुनं सर्किट अजून घरात आहे, फ्रीजवरच्या डब्यात, बटाट्याच्या चिप्सच्या पिशवीत.

पण माझा प्रीअँप आणि त्याचा रंग एका मापात येत नाहीत. मूळ सर्किट दुरुस्त करून परत बसवता येईल. उडालेला रंग परत येत नाही.

भुसावळ यार्ड

"आठवलं नाही." वा! त्यालाही आठवलं नसेल.

सराफाचा नातू (जळगाव)

नाना, थट्टा राहू द्या. माझं मत बदललेलं नाही, फक्त आता ते दोघांना लागू होतं. तापीकाठ, आज रात्री त्याला फोन करा, आणि ६० हजारांचं बोलण्याआधी प्रीअँपचं सांगा. तो काय म्हणेल ते म्हणू दे. दोन्हीकडची घट मांडून फरक काढा. मोडीत आम्ही असंच करतो.

कपाटातला बास (धुळे)

प्रीअँप बदललेला स्टिंगरे, मूळ सर्किट सोबत असेल तर दहा-बारा हजारांनी उतरतो. नसेल तर वीस. फ्रीजवरचा डबा फेकू नका.

तापीकाठ (जळगाव)

फोन झाला. जसंच्या तसं लिहितो.

मी म्हणालो, "दादा, माझ्याकडूनही एक सांगायचं राहिलं, स्टिंगरेचा प्रीअँप..." त्याने मध्येच तोडलं. "पहिल्याच दिवशी बटणांची प्लेट उघडली होती. बघितलंय."

म्हणजे महिनाभर त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "मी बोललो असतो तर तूही पिकगार्ड उघडला असतास."

दोघंही थोडा वेळ गप्प. मग भाव सुरू झाला. मी ६० वरून ४५ वर आलो, तो शून्यावरून १५ वर. शेवटी तो २५ हजार परत देतोय आणि मी मूळ सर्किट कुरियरने पाठवतोय. पाठवायचा खर्च माझा. रंग कोणी मारला तेही सांगितलं. त्याच्या आधीच्या मालकाने, नव्वदच्या सुमारास, बँडमधल्या सगळ्यांची वाद्यं काळी दिसावीत म्हणून.

भुसावळ यार्ड

२५ हजार म्हणजे तुझा रंग परत आला का? नाही. मग आधीच गप्प बसला असतास तरी बास तेवढाच वाजला असता. मी माझ्या मतावर ठाम आहे, दात बघून घ्या.

सराफाचा नातू (जळगाव)

आणि मी माझ्या. गप्प बसला असता तर पुणेकर पुढच्या माणसाला हाच स्टिंगरे 'सगळं मूळ' म्हणून विकून मोकळा झाला असता, आणि तो माणूस इथेच येऊन रडला असता.

सोल्डरवाला (अमळनेर)

सर्किट पाठवण्याआधी मला द्या. आम्ल नीट पुसलेलं नाही, वाटेत आणखी खाईल. ३०० रुपये.

पाचवी तार (नवापूर)

तापीकाठ, ज्या रंगाचा तुम्हाला एवढा त्रास होतोय तो मला अजिबात होत नाही. बास विकायचा झाला तर आधी मला सांगा. भाव अर्थातच रिफिनिशचा.

तापीकाठ (जळगाव)

किती?

पाचवी तार (नवापूर)

इथे नाही सांगत. दत्तजयंतीला सारंगखेड्याला या, रुमाल मी आणतो.