डावणीच्या नमुन्याला ब्लास्टमध्ये क्लॅडोस्पोरियमचे नाव का येते?

प्रश्न विचारणार: कादवाकाठ

नमस्कार. मी नाशिकला एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि दिंडोरी तालुक्यातील मामांच्या थॉमसन द्राक्षांच्या बागेत डावणी (डाउनी मिल्ड्यू हा रोग) आली. तेलकट पिवळे डाग पडलेली पाने मी प्रयोगशाळेत आणली, पाण्याने धुतली आणि त्यांचे तुकडे बटाटा-डेक्स्ट्रोज आगारवर ठेवले. पाचव्या दिवशी हिरवट-काळसर, मखमलीसारखी वाढ दिसली. तिचा डीएनए काढून आयटीएस-१ आणि आयटीएस-४ या प्रायमरांनी पीसीआर केला (म्हणजे आयटीएस या, बुरशी ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या भागाच्या भरपूर प्रती केल्या) व उत्पादन सिक्वेन्सिंगसाठी बाहेर पाठवले.

आलेला सिक्वेन्स (डीएनएतील अक्षरांचा क्रम) अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेच्या ब्लास्ट या सिक्वेन्स जुळवून पाहणाऱ्या शोधसाधनात टाकला, तेव्हा वरच्या सहाही ओळींत क्लॅडोस्पोरियम ही बुरशी निघाली, तेही चार वेगवेगळ्या प्रजातींच्या नावांनी. सगळीकडे ओळख (जुळलेल्या भागातील साम्य) १०० टक्के, क्वेरी कव्हर (माझ्या सिक्वेन्सचा जुळलेला भाग) ९९ टक्के आणि ई-व्हॅल्यू ०.०. डावणी करणाऱ्या प्लाझ्मोपारा व्हिटिकोलाचे नाव शंभर ओळींत कुठेही नाही. सर्वांत वरचे नाव प्रबंधात लिहून मोकळे व्हावे, असा सल्ला मला मिळाला आहे. पण मामांची बाग तीस वर्षांची आहे आणि त्यांना डावणी ओळखता येत नसेल, हे मनाला पटत नाही. ब्लास्ट चुकते आहे का?

उत्तर: जुना पिपेट

ब्लास्ट चुकलेले नाही, मामाही चुकलेले नाहीत. चूक आगारच्या बशीत झाली आहे. प्लाझ्मोपारा हा पूर्णतः परोपजीवी जीव आहे; तो द्राक्षाच्या जिवंत पेशींवरच जगतो आणि आगारवर वाढतच नाही. मेलेल्या डागावर नंतर येऊन बसणारे क्लॅडोस्पोरियम मात्र आगारवर आनंदाने पसरते. तुम्ही बशीत वाढलेल्या पाहुण्याचा डीएनए काढलात आणि ब्लास्टने त्या पाहुण्याचे नाव प्रामाणिकपणे सांगितले. पाने नुसती पाण्याने धुतल्यामुळे पाहुण्यांची सोय आणखी झाली.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. डावणीचा जीव आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशींत मोडत नाही. तो ऊमायसीट आहे. पुढच्या वेळी डाग असलेली ताजी पाने पालथी करून ओल्या टिपकागदावर, बंद डब्यात, साधारण २० अंशांवर रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव आली, की ती ब्रशने निर्जंतुक पाण्यात उतरवा आणि थेट तिचाच डीएनए काढा. आगारची वाट वगळा. प्रायमर सायटोक्रोम-बी जनुकाचे घेतलेत तर एका कामात दोन कामे होतील, कारण या जनुकाने तयार होणाऱ्या प्रथिनात १४३ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलॅनिन आले असेल, तर अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातील औषधांना तो जीव दाद देत नाही. मामांना तुमच्या प्रबंधापेक्षा याच ओळीचा उपयोग जास्त होईल.

उत्तर: संगणकखोलीतून

वरील उत्तराशी सहमत आहे; फक्त ०.० आणि चार नावे यांबद्दल लिहितो, कारण पुष्कळ विद्यार्थी तिथेच फसतात.

ई-व्हॅल्यू म्हणजे एवढ्या मोठ्या संग्रहात, इतक्या गुणांची किंवा त्याहून चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल, याची अपेक्षित संख्या. ती संग्रहाच्या आणि तुमच्या सिक्वेन्सच्या आकारावर अवलंबून असते. फार लहान संख्या पडद्यावर ०.० अशी छापली जाते. त्यावरून जुळणी योगायोगाची नाही एवढेच कळते. रोग कोणी केला किंवा प्रजाती नेमकी कोणती, हे कळत नाही. क्लॅडोस्पोरियमच्या अनेक जवळच्या प्रजातींचा आयटीएस तंतोतंत सारखा असतो, म्हणून चार नावांना १०० टक्के मिळाले. त्यांतले वरचे नाव उचलणे म्हणजे चिठ्ठी काढणे. अ‍ॅक्टिन आणि ट्रान्सलेशन इलाँगेशन फॅक्टर या जनुकांशिवाय त्यांच्यात निवाडा होत नाही.

शिवाय ब्लास्ट जिथे शोधते त्या जेनबँक या सिक्वेन्ससंग्रहातील नोंदीवरचे नाव ती नोंद जमा करणाऱ्याने दिलेले असते. म्हणून ब्लास्टच्या पानावर टाइप मटेरियलपुरता (प्रजातीचे नाव ज्यावरून ठरले त्या मूळ नमुन्यांपुरता) शोध मर्यादित करण्याची जी चौकट आहे, तिच्यावर खूण करून पुन्हा एकदा शोधा. बुरशींच्या आयटीएससाठी युनाइट हा वेगळा संग्रहही आहे. आणि शोधण्याआधी क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगच्या शिखरांचा आलेख) उघडून पाहिला होता का? सुरुवातीची काही अक्षरे आणि शेपूट कापल्याशिवाय सिक्वेन्स कुठेही टाकू नये.

कादवाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. क्रोमॅटोग्राम मी उघडलाच नव्हता, हे कबूल करते. आता पाहिले तर सुरुवातीच्या चाळीसेक अक्षरांत शिखरे एकमेकांवर चढलेली आहेत. एक शंका उरते: नवीन चौदा नमुने आले, तर प्रत्येक सिक्वेन्स वेगळा चिकटवावा लागेल का?

उत्तर: संगणकखोलीतून

नाही. सगळे सिक्वेन्स फास्टा या साध्या मजकुराच्या स्वरूपात एकाच फाइलमध्ये ठेवा, प्रत्येकाच्या नावाची ओळ वेगळी लिहा आणि फाइल एकदाच चढवा. निकालाच्या पानावर प्रत्येकाचा निकाल निवडून पाहता येतो. निकालाचा क्रमांक साधारण एक दिवसच जिवंत राहतो, त्यामुळे तक्ता त्याच बैठकीत उतरवून घ्या आणि प्रबंधात नोंदींचे क्रमांक बिंदूनंतरच्या आवृत्तीसकट लिहा. उद्या शेकडो सिक्वेन्स प्रोग्रॅमने मागवायची वेळ आली, तर एनसीबीआयच्या ई-युटिलिटीज या प्रोग्रॅमसाठीच्या सेवेला एपीआय-की (नोंदणीची किल्ली) नसताना सेकंदाला ३ पेक्षा जास्त विनंत्या करू नयेत. मोठी कामे शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री ९ ते पहाटे ५ या वेळात करावीत, असे एनसीबीआय सांगते. आपल्याकडे तेव्हा सकाळ ते दुपार असते, म्हणजे नाशिककरांना जागरणाचे कारण नाही.

कादवाकाठ

नोंदीसाठी लिहून ठेवते. काल मामांकडून नवी पाने आणली आणि डब्यात ठेवली. आज सकाळी सातला पानाच्या पालथ्या बाजूला पांढरी लव होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिला काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि टोकांना लिंबाच्या आकाराच्या बीजाणुपेशी दिसल्या. पुरेशी लव उतरवून नळी गोठवणपेटीत ठेवली आहे. जुन्या नळीवर मी आता ‘क्लॅडोस्पोरियम, डागावरील’ असे लिहिले आहे.