'राइट टू ट्राय'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ (पंचवटी, नाशिक): रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. अमेरिकेतल्या २०१८ च्या 'राइट टू ट्राय' कायद्याबद्दल लोक विचारतात. मी 'मरणासन्न रुग्णांचा प्रायोगिक उपचारांचा हक्क' असं लिहिलंय, पण 'मरणासन्न' खटकतंय. काय सुचवाल?

म्हसरूळकर: खटकणारच. मरणासन्न म्हणजे तोंडात गंगाजल घालायची वेळ आलेला. या कायद्यासाठी झगडणाऱ्यांत एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण होते. स्नायू दुबळे होत जातात, पण त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं जगतात, अनेकांची बुद्धी शाबूत असते. घरातल्या माणसाबद्दल हा शब्द कुणाच्या वाचनात येऊ नये. 'असाध्य'ही नको, मधुमेहसुद्धा पुरता बरा होत नाही. सरकारी कागदांत रुळलेला 'दुर्धर आजार' घ्या.

सिडकोवासी: माझा आक्षेप 'हक्क'वर आहे. हक्क म्हटला की तो पुरा करण्याची जबाबदारी कुणावर तरी येते. इथे औषध द्यायची सक्ती कंपनीवर नाही, खर्च द्यायची विमा कंपनीवरही नाही. मान्यताप्राप्त उपचार संपले असतील, नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत भाग घेता येत नसेल आणि त्या औषधाने चाचणीचा पहिला टप्पा पार केला असेल, तर एफडीएच्या (अमेरिकेतली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) परवानगीशिवाय ते मागता येतं, इतकंच. ही 'मुभा' झाली. असा घटनात्मक हक्क नाही, हे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 'अबिगेल अलायन्स' या रुग्णांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या खटल्यात २००७ मध्येच सांगितलं होतं.

गोदाकाठ: पण मुभा कुणीतरी देतं. लोकांनी मागितला होता हक्कच. कोलोरॅडोपासून २०१४ मध्ये राज्याराज्यांत कायदे झाले ते त्यातूनच.

सिडकोवासी: मग नाव सांगताना 'हक्क' ठेवा, अर्थ सांगताना 'मुभा'. डॉक्टरांनी हात टेकले की माणूस कुठल्याही आशेवर शेत विकायला निघतो. औषध मिळणारच, असं त्याला आपल्या पत्रकातून वाटलं तर ते फार वाईट होईल.

म्हसरूळकर: म्हणूनच 'उपचार'ही नको. पहिल्या टप्प्यात औषध किती सुरक्षित आहे आणि मात्रा किती द्यावी हे मुख्यतः पाहतात, गुण येतो का हे पुढे कळतं. 'चाचणीतलं औषध' लिहा. 'प्रायोगिक'ने नाटक आठवतं.

गोदाकाठ: आणि मान्यता न मिळालेलं औषध रुग्णाला देण्याला 'कम्पॅशनेट यूज' म्हणतात, त्याचं काय? कुठेतरी 'अनुकंपा वापर' वाचलं.

म्हसरूळकर: आपल्याकडे अनुकंपा म्हणजे वडील गेल्यावर मुलाला लागलेली नोकरी! सरळ 'मान्यतेआधी औषध मिळवण्याची सोय' म्हणा. एफडीएची अशी जुनी सोय आहे आणि तिथले ९९ टक्क्यांहून अधिक अर्ज मंजूर होतात. हे पत्रकात जरूर घाला, अडचण बहुधा परवानगीची नसते हे कळेल. भारतात २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार जीवघेण्या आजाराच्या रुग्णासाठी सरकारी रुग्णालय असं औषध आयात करण्याचा परवाना मागू शकतं. अर्ज रुग्णालयाने करायचा असतो, हे ठळक छापा.

गोदाकाठ: मथळा आता 'दुर्धर आजारात चाचणीतलं औषध मागण्याची मुभा'. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'ला 'समजून-उमजून दिलेली संमती' केलंय. 'सूचित संमती' वाचून कुणाला काही कळेल असं वाटलं नाही.