जुन्या गाडीतले छोटे बदल: पद्मिनी, अँबॅसेडर आणि मंडळी (ठाणे-नवी मुंबई अनुभव धागा)

धागाकर्ता

ठाणे-नवी मुंबईत पद्मिनी, अँबॅसेडर, हेरल्ड अजून रस्त्यावर काढणाऱ्यांनी इथे लिहावं. शोभेच्या गोष्टी नकोत. घोडबंदरच्या कोंडीत गाडी बंद पडू नये, पावसाळी रात्री समोरचं दिसावं, ब्रेक वेळेवर लागावेत, एवढ्यापुरते बदल. माप, वायरीची जाडी आणि काय बिघडतं ते नेमकं लिहा.

एक कळकळीची विनंती: काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग बाजारात फिरत होते. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही जुना डायनामो (गाडीत वीज तयार करणारं यंत्र) किंवा कटआउट (त्याचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) शोधावा लागतो.

खाडीकाठ

सुरुवात अर्थिंगपासून, म्हणजे बॅटरी, बॉडी आणि इंजिन यांच्यातल्या जोडणीपासून करा. दिवे मंद, स्टार्टर सुस्त, काटे खोटे दाखवणारे, या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

कॉइलची वायर काढा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरून स्टार्टर मारायला सांगा. 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीपासून इंजिनपर्यंतची जाळीदार पट्टी हाच करंटचा रस्ता. ती कुजली की करंट चोक केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर चोक केबल गरम लागली तर दुसरी तपासणी करायची गरजच नाही.

25 चौरस मिलिमीटरची नवी केबल घ्या, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) प्रेस करून घ्या. जिथे बसवायची तिथला रंग पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घाला, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावू नका. आपल्याकडे खाडीच्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तो इन्सुलेशनच्या आतपर्यंत सरकलेला असतो. चकाकणारं तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापल्याशिवाय नवा लग लावण्यात अर्थ नाही.

दहा-बारा पाना

वरच्या मुद्द्याला जोडून हेडलाइट. बल्बच्या पिनांवर, दिवे लावून, इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवर मोजलेल्याशी ताडून पाहा. व्होल्टेज दहा टक्के पडलं की प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून जातो, गळती तिथे होते.

उपाय दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच), एक लो साठी आणि एक हाय साठी. 30 नंबरच्या पिनेला बॅटरीवरून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, 87 वरून बल्बला, 85 अर्थला, आणि 86 ला हेडलाइटची मूळ वायर. मूळ वायर कापायची नाही, तिच्या सॉकेटमध्ये पिन घालायची. प्रत्येक रिलेला 15 अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज रिलेजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज ही वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते, आणि घासून शॉर्ट झाली की आग तिथूनच लागते.

बल्ब 60/55 वॉटचाच. 100/90 नियमातही बसत नाही आणि त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो. एलईडी बल्ब जुन्या रिफ्लेक्टरमध्ये घालू नका. फिलामेंटची जागा चुकते, प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. सात इंची गोल काचेचं एच-4 युनिट मात्र जरूर घ्या.

वागळे लेथ

रिले लावून झाले की पुढचा प्रश्न वीज कुठून आणायची. अँबॅसेडरवरचा लुकास सी-40 डायनामो 22 अँपिअरचा, तोही इंजिन फिरत असेल तर. आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही. पावसात रात्री कोंडीत उभं राहिलात तर हेडलाइटचे 9, वायपरचे 3-4, ब्लोअर, इग्निशन, सगळा भार बॅटरीवर.

म्हणून डायनामोऐवजी मारुती 800 चा अल्टरनेटर. रेग्युलेटर आतच असतो. ब्रॅकेट लेथवर करून घ्यावी लागते. पुलीची रेषा क्रँक पुलीशी सरळपट्टी लावून जुळवा, दोन मिलिमीटर जरी हटली तरी पट्टा कडेने झिजतो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा 10-12 मिलिमीटर दबला पाहिजे.

तीन गोष्टी चुकतात. पहिली: ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. तसाच अल्टरनेटर जोडला की डायोड त्याच क्षणी जातात, म्हणून आधी बॅटरीचं कोणतं टर्मिनल बॉडीला आहे ते बघा. दुसरी: चार्जिंगच्या दिव्याची वायर एल टर्मिनलला द्यायची आणि बल्ब साधाच ठेवायचा. एलईडी घातला किंवा बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागा होत नाही. तिसरी: डॅशचा 30 अँपिअरचा अ‍ॅमीटर. मुख्य करंट त्यातून नेऊ नका, जळतो. 10 चौरस मिलिमीटरची केबल थेट बॅटरीकडे न्या. कटआउटची पेटी रिकामी करून जंक्शन म्हणून जागेवर राहू द्या, बॉनेटखालचं रूपही बदलत नाही.

जुना सोलेक्स

आता पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि नंतर भेगाळतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप एसएई जे-30 आर-9 दर्जाचे घाला, पाइपावर तसं छापलेलं असतं. पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल चालणाराच मागून घ्या. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घेत राहा.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. ई-20 ला सुमारे सात टक्के जास्त इंधन लागतं, नाहीतर गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते, गरम होते, पिकअपला अडखळते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मापून सोडणाऱ्या जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे 1.20 चा मेन जेट असेल तर 1.25 ने जवळपास साडेआठ टक्के वाढ मिळते. एवढी पुरे. त्यापुढे जाण्याआधी प्लगचा रंग बघा: विटकरी-तपकिरी बरोबर, पांढरा असेल तर अजून लीन. टाचणी घालून जेट मोठा करणं हा गुन्हाच समजा, तो जेट पुन्हा कधी मापात येत नाही.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा पाणी देते, इथेनॉल ते ओढून घेतं आणि तळाशी वेगळं होतं.

पामबीच

इग्निशनमध्ये पॉइंटऐवजी (ठिणगीसाठी करंट तोडणारे जुने संपर्क) इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल चांगलंच, पण सिलिकॉन-कार्बनच्याच प्लग वायरी वापरा. तांब्याच्या वायरीचा विद्युत गोंधळ मॉड्यूलला सहन होत नाही. इंजिन बंद आणि चावी चालू असं सोडून जाऊ नका. बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावा. जुने पॉइंट, कंडेन्सर आणि फीलर गेज डिकीत असू द्या.

गायमुख चढ

इलेक्ट्रिक फॅन अल्टरनेटर बसवल्यावरच लावा, हे लक्षात घ्या. तो एकटा 8-10 अँपिअर खातो, डायनामोला ते झेपत नाही. थर्मोस्विच 92 अंशांना चालू, 87 अंशांना बंद असा घ्या. रेडिएटरमध्ये कूलंट शिरतं त्या वरच्या बाजूला बसवा.

गाडी उकळते म्हणून जास्त दाबाचं झाकण लावू नका. जुन्या रेडिएटरचे डाग (सोल्डरचे जोड) उघडतात आणि हीटरचा पाइप सुटतो. थर्मोस्टॅट काढून टाकणं हेही इथलं जुनं खूळ. पाणी आतून नुसतं पळतं, इंजिन थंड चालतं, ऑइलमध्ये पाणी साठतं. रेडिएटरचा कोअर आतून साफ करून घ्या, तिसरा हिस्सा कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड पाणी. नळाचं पाणी नको.

तुर्भे ब्रेक

टायरबद्दल थोडक्यात: पद्मिनीचा मूळ 5.20-14 व्यासाने साधारण 60 सेंटिमीटरचा, 155/80 आर-14 तेवढाच पडतो, स्पीडोमीटर खोटा होत नाही. जुन्या रिमला आत उंचवटा नसतो, म्हणून रेडियलमध्येही ट्यूब घाला. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय (जुन्या घडणीचा टायर) कधीच नाही, वळणावर मागचा भाग आधी सुटतो.

ब्रेकचे रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसले तरी आतून फुगतात. पाय काढल्यावरही चाक जाम राहतं, लोक सिलिंडर बदलत बसतात आणि दोष होजमध्ये असतो. डॉट-4 तेल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. इंजिन ऑइलचा एक थेंबही ब्रेकच्या टाकीत गेला तर सगळी रबरं फुगतात. जुन्या सिंगल सर्किटमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकं गेली, त्यामुळे पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर टँडम (दोन वेगळ्या सर्किटांच्या) मास्टर सिलिंडरवर घाला. रिम आणि साउंड सिस्टिम नंतर.

नेरूळ पहिली गल्ली

सीट बेल्ट बसवताना पातळ पत्र्याला नुसतं भोक पाडून बोल्ट आवळलेला दिसतो. धक्क्यात पत्रा फाटून बोल्ट बाहेर येतो. 7/16 इंच यूएनएफ, इंचाला 20 आट्यांचा बोल्ट, आणि पत्र्यामागे किमान तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पट्टी, कोपरे गोल केलेली. गाडीच्या तळाचा पत्रा गंजलेला असेल तर आधी पत्रा बदला, मग बेल्ट.

कागदपत्रं

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडी 2021 च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए येतं, नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केला असेल तर ती पात्र ठरत नाही. या नोंदणीवर रोजचा वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोज वाशीला जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करत राहा. इंजिनाचा प्रकार बदलायचा झाला तर आरटीओची परवानगी आधी.

खाडीकाठ

गंजाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून पुन्हा आलो. मे महिन्यात दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, ती चिखलाने बुजलेली असतात. मग आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) फवारा. गंजावरून रबराचा काळा कोट मारून घेऊ नका. वरून गाडी नवी दिसते, आत पाणी अडकतं, आणि दोन पावसाळ्यांत कोट बोटाने सोलला तर पत्राही त्याच्याबरोबर हातात येतो.