ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइन घालू की थिनर?

मृण्मयी_नाशिक: बाल्कनीच्या ग्रिलला ऑइल पेंट मारायचाय. जुना काळा रंग बराचसा शाबूत आहे, खालच्या पट्टीला गंज होता तो घासून काढला. पण डब्यातला रंग घट्ट झालाय. माळ्यावर टर्पेंटाइन, एनसी थिनर आणि पॉलिशवाल्याने ठेवलेलं स्पिरिट आहे. हार्डवेअरवाला म्हणतो काहीही घाला, सगळं एकच. खरंच का?

रंधा_पटाशी: अजिबात एकच नाही ताई! ऑइल पेंटला टर्पेंटाइनच. दुकानात मिळतं ते बहुतेक मिनरल टर्पेंटाइन, पेट्रोलियमचं, खरं टर्पेंटाइन चीडच्या राळेतून निघतं आणि महाग पडतं, तुमच्या कामाला साधंच चालेल. एनसी थिनर लॅकरसाठी, म्हणजे लाकडावरच्या झटपट वाळणाऱ्या चकचकीत लेपासाठी असतं, त्यात टोल्युइनसारखी जहाल द्रव्यं असतात, ती जुन्या ऑइल पेंटला खालून उचलतात, सुरकुत्या पडतात आणि मग अख्खं ग्रिल खरवडत बसावं लागतं. टर्पेंटाइनही एकदम ओतू नका, जरा घालायचं, ढवळायचं, ब्रश फिरवून बघायचं. जास्त झालं की उभ्या सळ्यांवर ओघळ येतात. स्पिरिट फ्रेंच पॉलिशचं, त्यात चपडा लाख विरघळते, ऑइल पेंटमध्ये त्याचं काही काम नाही.

सुतारपक्षी: +१. आणि स्विचबोर्डवर रंग उडाला तर नेलपेंट रिमूव्हर लावू नका, त्यात एसीटोन असलं तर कित्येक प्लास्टिकं मऊ पडून कायमचा पांढरट डाग राहतो. ओला असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, आधी मेन स्विच बंद करून.

आईआजी_सातारा: बाळा, दारं-खिडक्या उघड्या ठेव आणि जवळ देवाचा दिवा, गॅस काही पेटतं नको. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नकोस. पोरांनी चुकून घोट घेतलाच तर उलटी करवायची नाही, ते फुप्फुसात जातं, डबा घेऊन तडक हॉस्पिटल गाठायचं.

मृण्मयी_नाशिक: खूप आभार सगळ्यांचे, आज्जी तुमचं तर विशेष, घरात चार वर्षांची मुलगी आहे, बाटल्या आत्ताच कुलपात ठेवल्या. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन फेकून देऊ का?

रंधा_पटाशी: मोरीत बिलकुल नको. झाकणाच्या काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं नितळ ओतून घ्या, पुढच्या वेळी ब्रश धुवायला येतं.