प्रकटीकरणाचा अभ्यास तरुणांबरोबर कसा करावा?

ऐरोलीची शिक्षिका

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा शनिवारचा पवित्र शास्त्र अभ्यास मी गेली काही वर्षे घेत आहे. दहावी-बारावीची आणि कॉलेजची मिळून चौदा-पंधरा मुले येतात. या वर्षी त्यांनी स्वतःहून प्रकटीकरण, म्हणजे पवित्र शास्त्रातले शेवटचे पुस्तक, निवडले, आणि तिसऱ्याच शनिवारी माझ्या लक्षात आले की ती पुस्तक वाचत नाहीत, तर मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ पुस्तकात शोधत आहेत. एका मुलाने वहीत दोन रकाने आखून आणले होते. डावीकडे वचन, उजवीकडे अर्थ: नवव्या अध्यायातले टोळ म्हणजे लढाऊ हेलिकॉप्टर, आणि तेराव्या अध्यायातली, हातावर किंवा कपाळावर घ्यायची देवविरोधी श्वापदाची खूण म्हणजे आधी बारकोड, मग आधार, मग लस, आता क्यूआर कोड. त्या पानाच्या तळाशी त्याच्या धाकट्या बहिणीने पेन्सिलीने लिहिले होते, ‘मग माझी दहावी होईल का?’ ती मुलगी दोन आठवडे रात्री दिवा चालू ठेवून झोपते, असे तिच्या आईने मला सांगितले.

मंडळीतल्या एका ज्येष्ठांचा सल्ला असा की हे पुस्तक बंदच ठेवावे आणि फक्त शुभवर्तमाने शिकवावीत. त्यांची काळजी मला समजते. पण पहिल्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात हे शब्द वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्यांना आणि पाळणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, मग ते पुस्तक मी मुलांच्या हातून कसे काढून घेऊ? भीती न घालता आणि टाळाटाळही न करता हा अभ्यास कसा करावा, कोणत्या गोष्टी ठामपणे शिकवाव्यात आणि कुठे मतभेदाला जागा ठेवावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नौपाड्याचे निवृत्त शिक्षक

ताई, पुस्तक बंद करू नका. संकोच थोरामोठ्यांनाही वाटला होता. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांपैकी कॅल्व्हिनने नव्या करारातील बहुतेक पुस्तकांवर भाष्ये लिहिली, पण प्रकटीकरणावर लिहिले नाही. ल्यूथरने आपल्या जर्मन भाषांतराच्या 1522 च्या प्रस्तावनेत या पुस्तकाविषयी उघड नाराजी नोंदवली आणि 1530 मध्ये मात्र नवी, सविस्तर प्रस्तावना लिहून त्यातून सांत्वन कसे घ्यावे हे दाखवले.

माझा पहिला आग्रह असा की मुलांना आधी पहिल्या श्रोत्यांजवळ नेऊन बसवा. हे पत्र आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील सात मंडळ्यांना लिहिले गेले, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीचा शेवट, म्हणजे पहिल्या शतकाचे अखेरचे दशक, असा धरतात. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी ती सभा. आपण लावलेला अर्थ त्या सातांपैकी एक असलेल्या स्मुर्णातल्या सभेत बसलेल्या, छळाला सामोऱ्या जाणाऱ्या एखाद्या विधवेपर्यंत पोहोचू शकला असता का, हा प्रश्न प्रत्येक अध्यायाला विचारावा. टोळ म्हणजे हेलिकॉप्टर असेल, तर त्या बाईला त्या वचनातून काहीच मिळाले नाही. उलट जुन्या करारातल्या निर्गमाचा दहावा अध्याय आणि योएलाचे पहिले दोन अध्याय तिने ऐकलेले असतील, तर टोळ म्हणताच मिसरावरची पीडा आणि पश्चात्तापाची हाक हे दोन्ही तिच्यापुढे उभे राहिले असते. पुढच्या शनिवारी मुलांना हे तीन उतारे शेजारी शेजारी उघडून वाचायला सांगा, आणि उजवा रकाना त्यातून भरायला लावा.

खुणेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मुलांची खरी भीती तिथेच आहे. तेराव्या अध्यायाच्या अखेरीस खूण येते आणि लगेच चौदाव्याच्या पहिल्या वचनात कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, उभ्या असलेल्यांच्या कपाळावर त्याचे व त्याच्या पित्याचे नाव लिहिलेले दिसते. अध्यायांची विभागणी फार नंतरची आहे, त्यामुळे आपण मध्येच थांबतो आणि ही जोडी आपल्या नजरेतून निसटते. हात आणि कपाळ ही जोडीही जुनीच आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची आज्ञा हाताला व कपाळाला बांधायला सांगितली आहे. म्हणजे प्रश्न उपासनेचा आणि निष्ठेचा आहे, आणि भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे दिल्याने कोणाची निष्ठा नकळत बदलत नाही, हे त्या मुलीला अगदी स्पष्ट शब्दांत सांगा.

तेराव्या अध्यायातल्या श्वापदाच्या 666 या आकड्याचेही तसेच. ‘नीरो कैसर’ हे रोमी सम्राटाचे नाव हिब्रू अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या संख्येची बेरीज केली, तर एका लेखनपद्धतीने 666 आणि दुसऱ्या पद्धतीने 616 येते. आणि काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच 616 आढळते. दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियसला 616 हा पाठ माहीत होता व तो त्याने नाकारला, पण नावांचे तर्क लढवण्यापेक्षा भविष्यवाणी पूर्ण होण्याची वाट पाहणे अधिक सुरक्षित, असेही त्यानेच लिहून ठेवले. एवढ्या जवळच्या काळातला माणूस जर हात आखडता घेतो, तर आपण किती सावध असावे!

मतभेदाला जागा कुठे, हे विचारलेत. ख्रिस्त पुन्हा येणार, मेलेले उठणार, न्याय होणार आणि देव सर्व काही नवे करणार, हे ठामपणे शिकवा. विसाव्या अध्यायातले ख्रिस्ताचे सहस्र वर्षांचे राज्य त्याच्या येण्याआधी की नंतर, अक्षरशः की लाक्षणिक, यावर मात्र सुरुवातीपासून दोन मते आहेत. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन स्वतः ते राज्य मानणारा होता, तरी आपल्यासारखे न मानणारे पुष्कळ खरे ख्रिस्ती आहेत असे तो मोकळेपणाने सांगतो. शेवटच्या काळातील महासंकटापूर्वी मंडळी गुप्तपणे वर घेतली जाईल, ही मांडणी 1830 च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून आणि पुढे 1909 च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलमुळे जगभर पसरली. ती मानणाऱ्यांचा आदर ठेवावा. पण तेवढी एकच मांडणी आहे अशी मुलांची समजूत होऊ देऊ नये.

कळव्याहून

सरांनी लिहिलेले वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. 2011 मध्ये अमेरिकेतील रेडिओ उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी न्यायाच्या दिवसाची 21 मे ही तारीख सांगितली होती. आमच्या भागातल्या एका घरगुती प्रार्थनासभेत ती खरी मानली गेली. माझे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मशीनवर होते. बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली मुदत ठेव त्यांनी मोडली आणि ते पैसे पत्रके छापायला दिले. 22 मेला रविवार होता. बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. आईने चहा दोनदा गरम केला. दुपार झाली तरी त्या सभेतला एकही माणूस आमच्या घरी आला नाही, त्यानंतरच्या आठवड्यातही नाही.

तारीख चुकली याचे मला तितके दुःख नाही. मेंढपाळ म्हणवणारे कोणी आले नाही, याचे आहे. बाबांनी पुढे चार वर्षे पवित्र शास्त्र उघडले नाही. 22 ऑक्टोबर 1844 रोजी, ख्रिस्त त्या दिवशी येईल असे मानणाऱ्या अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांचीही अशीच निराशा झाली होती, आणि कॅम्पिंग यांनी स्वतः 2012 मध्ये तारीख ठरवणे हे पाप होते असे कबूल केले, हे मला फार उशिरा समजले. ताई, हा इतिहास मुलांना जरूर सांगा. आमच्या घरी तो वेळेवर कोणी सांगितला असता, तर बहिणीचे वर्ष वाया गेले नसते.

वाशीचा वाचक

कळव्याच्या दादांची व्यथा वाचून मन भरून आले. तरीही एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी सहस्र वर्षांचे राज्य अक्षरशः येईल असे मानणाऱ्यांपैकी आहे, आणि मला भीती वाटते ती अशी की तारखांच्या चुकांना घाबरून आपण वाट पाहणेच सोडून देऊ. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात दिवस व घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही असे प्रभू सांगतात, आणि लगेच जागे राहा असेही सांगतात. मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही हे त्याच अध्यायातले वचन इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले तेव्हा खरे ठरले. म्हणून उरलेलेही आपण गांभीर्यानेच घेतले पाहिजे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल संदेशांचा धिक्कार करू नका म्हणतो आणि सर्व गोष्टींची पारख करा म्हणतो. माझ्या मते तुमच्या वर्गाला ही दोन्ही वाक्ये एकत्र शिकवायला हवीत. त्यातले एकच घेतले की एक तर भीती उरते किंवा झोप.

तलावपाळीजवळून

मी कॅथलिक आहे, त्यामुळे दर रविवारी विश्वासांगीकारात ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास गौरवाने पुन्हा येईल असे म्हणतो. तारखेचा त्यात उल्लेख नाही. एकच सूचना करतो. मुलांना सहाव्या अध्यायात वेदीखालचे आत्मे ‘कुठवर, प्रभो?’ असे विचारतात तो भाग वाचून दाखवा आणि मग सांगा की 1321 मध्ये याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संन्यासी टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती विश्वासासाठी मारले गेले. प्रकटीकरण कोणत्या माणसांसाठी लिहिले गेले, ते मुलांना आपल्याच गावात दिसेल.

ऐरोलीची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. काल निर्गम, योएल आणि प्रकटीकरण शेजारी ठेवून वाचले. वही आणणाऱ्या मुलाने उजवा रकाना स्वतःच खोडला आणि योएलाच्या दुसऱ्या अध्यायातले हृदय फाडण्याचे वचन त्यात लिहिले. तेराव्याच्या पुढे न थांबता चौदाव्याचे पहिले वचन त्याच्या बहिणीकडून वाचून घेतले. तिने ते दोनदा वाचले आणि मग विचारले, ‘स्मुर्णातल्या त्या बाईलाही भीती वाटत असेल का?’ दुसऱ्या अध्यायात त्या मंडळीला भिऊ नका असे सांगावे लागले, त्या अर्थी वाटत असणारच, असे मी म्हणाले. पुढच्या शनिवारी स्मुर्णाचे पत्र घेणार आहोत. कळव्याच्या दादा, तुमची हरकत नसेल, तर तुमच्या बाबांची हकीकत नाव न घेता मुलांना सांगू का?